वहीतला ब्रेक आणि शनिवारचे काका

वाचकाचं पत्र:

नमस्कार ताई,

मी ३६ वर्षांचा, पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत टीम लीड आहे. गेली सहा वर्षं दर शनिवारी संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ घराजवळच्या क्लबात स्नूकर खेळतो. दुसरा मजला, लिफ्ट नाही, पण टेबल चांगलं आहे. जोडीदार ठरलेले: बँकेतून निवृत्त झालेले एक काका, वय ६७. ओळख टेबलावरच झाली. ते फार हळू खेळतात. पॉट करण्यापेक्षा, म्हणजे बॉल खिशात पाडण्यापेक्षा, पांढरा बॉल लपवण्यात त्यांचा जास्त वेळ जातो.

माझा सर्वांत मोठा ब्रेक, म्हणजे एका पाळीत न चुकता मिळवलेले गुण, ४३. तीन वर्षं झाली, आकडा हलत नाही. ऑफिसात आम्ही स्क्रम वापरतो, म्हणजे मोठं काम छोट्या टप्प्यांत पुरं करायची पद्धत, आणि ती ज्यात मोडते त्या ॲजाइल विचारावर माझा मनापासून विश्वास आहे. म्हणून जानेवारीपासून खेळालाही तेच लावलं. दोन आठवड्यांचा एक टप्पा, म्हणजे स्प्रिंट, प्रत्येक स्प्रिंटला लक्ष्य, दोघांच्या प्रत्येक ब्रेकची वहीत नोंद, घरी आल्यावर एक्सेलमध्ये आलेख. पूर्वी खेळ संपला की खाली टपरीवर चहा व्हायचा. त्या वेळात आता दहा मिनिटांची रेट्रो घेतो: काय जमलं, काय चुकलं, पुढच्या वेळी काय बदलायचं. सहा स्प्रिंट झाले, पण माझा सरासरी ब्रेक १९ वरून १६ वर आला.

गेले चार शनिवार काका आलेले नाहीत. गुडघा दुखतोय म्हणतात. शेवटच्या वेळी मी विचारलं, "काका, आज तुम्हाला काय सुधारता आलं असतं?" तर काही न बोलता त्यांनी क्यू (खेळायची काठी) केसमध्ये ठेवला आणि निघाले. एवढं मनाला लावून घेण्यासारखं काय होतं? बायको म्हणते, "ऑफिस आता टेबलावर पण नेलंस." मला ते पटत नाही, कारण ऑफिसात हीच पद्धत चालते आहे. पाच स्प्रिंटमध्ये आमची व्हेलॉसिटी, म्हणजे एका स्प्रिंटमध्ये किती पॉइंटचं काम होतं तो आकडा, ३४ वरून ५२ वर गेली. रेट्रोत हल्ली कोणी फारसं बोलत नाही, लवकर संपते, पण टीम तयार झाली की असं होतच असावं.

दोन प्रश्न आहेत. पन्नासचा ब्रेक कसा गाठू? आणि काकांच्या जागी दुसरा जोडीदार बघावा का?

उत्तर:

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. मी २७ वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली, त्यातली बहुतेक टेस्टिंगमध्ये, आणि अडतिसाव्या वर्षी पहिल्यांदा क्यू हातात धरला. त्यामुळे तुम्ही कुठे उभे आहात ते मला दिसतंय. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही, दुसरा जोडीदार बघू नका. निदान काकांना भेटून आल्याशिवाय तरी नाही.

आता ब्रेकचं बघू, कारण काकांचा विषयही त्यातच अडकला आहे.

४३ आणि ५० मध्ये सात गुण आहेत असं वहीत दिसतं. टेबलावर बघा. लालचा एक गुण, काळ्याचे सात. लाल-काळा, लाल-काळा करत सहा जोड्या घेतल्या तरी ४८ होतात. सातवा लाल आणि त्यावर कुठलाही रंग पडेल तेव्हा पन्नास ओलांडाल. म्हणजे सगळं उत्तम चाललं, दर वेळी काळाच मिळाला, तरी ओळीने १४ बॉल पडायला हवेत. मध्ये बऱ्याचदा निळ्यावर किंवा तपकिरीवर भागवावं लागलं तर त्याहून जास्त. आणि या १४ पैकी १३ वेळा पांढरा अशा जागी थांबायला हवा की पुढचा बॉल सोपा दिसेल. बॉल पाडणं तुम्हाला येतं, नाहीतर ४३ झालेच नसते. तुमचं अडलंय ते पांढऱ्यापाशी, आणि तो कुठे थांबला याला तुमच्या वहीत रकानाच नाही.

मला शिकवलं आमच्या क्लबच्या मार्करनी. ४० वर्षं त्यांनी लोकांचे गुण मांडले, टेबलं ब्रश केली, इस्त्री केली, आणि जाता येता माझ्यासारख्यांना दोन शब्द सांगितले. पहिले दोन महिने त्यांनी मला एकही बॉल पाडू दिला नाही. पांढरा तपकिरीच्या स्पॉटवर, म्हणजे त्या बॉलच्या ठरलेल्या जागेवर, ठेवायचा आणि निळ्याच्या, गुलाबीच्या, काळ्याच्या स्पॉटवरून सरळ पलीकडच्या कुशनला, टेबलाच्या रबरी कडेला, पाठवायचा. तो त्याच रेषेतून परत येऊन क्यूच्या टोकाला लागला पाहिजे. ऐकायला पोरखेळ वाटतो. पहिल्या दिवशी माझा बॉल दर वेळी वीतभर उजवीकडून परत यायचा. मार्कर स्टुलावर बसून फक्त म्हणायचे, "साइड लागली", म्हणजे बॉलला बाजूची फिरकी बसली. मी म्हणायची, मी तर मधोमध मारला. ते म्हणायचे, "बॉल काय म्हणतो ते बघा." पुढे टेस्टिंगमध्ये हे वाक्य मी किती वेळा मनात म्हटलं असेल, गणती नाही.

तर तुमच्यासाठी सराव असा. सहा लाल काळ्याच्या आसपास मोकळे मांडा, काळा त्याच्या स्पॉटवर. प्रत्येक शॉटच्या आधी तोंडाने सांगा, पांढरा कुठे थांबणार. अमक्या लालच्या डावीकडे, कुशनपासून हातभर, असं नेमकं. मग मारा. सांगितल्या जागेपासून वीतभराच्या आत थांबला तर एक खूण करा. पडलेला बॉल मोजू नका, ब्रेक मोजू नका. आठवड्यातून एकदा, एकट्याने, पाऊण तास. शनिवारचा वेळ यात घालू नका.

आणि यात दोन आठवड्यांचा स्प्रिंट कशासाठी हवा, ते मला खरंच कळलं नाही. छोटे टप्पे आले कशामुळे? वर्षभराची योजना आखायची, जाडजूड कागद करायचे, आणि ग्राहकाला वस्तू दाखवायची वेळ येईपर्यंत त्याची गरजच बदललेली असायची. चूक कळायला इतके महिने जात होते, म्हणून ते अंतर कमी करायची धडपड झाली. स्नूकरमध्ये चूक कळायला चार सेकंद लागतात. पांढरा थांबला की उत्तर समोर असतं. त्या उत्तराकडे बघायचं सोडून तुम्ही आकडा वहीत टिपला आणि चौदा दिवसांनी आलेख काढून बघितला. म्हणजे जे हातात होतं ते मुद्दाम लांब नेऊन ठेवलं.

तुमची सरासरी का घसरली, याचाही मला अंदाज आहे. कुशनला चिकटलेला लांबचा लाल समोर असतो. गेल्या वर्षी तुम्ही तो सोडला असता, लालला हलकेच स्पर्श करून पांढरा परत बॉकमध्ये, म्हणजे टेबलाच्या सुरुवातीच्या टोकाला, पिवळ्या-हिरव्याच्या मागे नेऊन ठेवला असता. आता डोक्यात वही असते. अशी सेफ्टी, म्हणजे समोरच्याला सोपा बॉल मिळू नये अशी खेळी, केली की ब्रेक शून्य, मग मारूनच बघू. लाल पडत नाही, पांढरा टेबलाच्या मधोमध उघडा पडतो, समोरच्याचं काम होतं. तुम्ही वाईट खेळायला लागला नाहीत, तुमच्या शॉटची निवड बिघडली आहे. मोजमापात सेफ्टीला जागा नाही म्हटल्यावर खेळातूनही ती गेली.

१९८५ च्या जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना तुम्ही पाहिला असेल, नसेल तर शेवटची फ्रेम, म्हणजे शेवटचा डाव, जरूर बघा. शेफिल्डचं क्रूसिबल थिएटर, स्टीव्ह डेव्हिस विरुद्ध डेनिस टेलर. डेव्हिस ८-० पुढे होता आणि सामना १७-१७ वर आला. शेवटची, ३५ वी फ्रेम ६८ मिनिटं चालली. टेबलावर चारच बॉल उरले तेव्हा डेव्हिस ६२, टेलर ४४. टेलरला तपकिरी, निळा, गुलाबी, काळा असे चारही हवे होते. तीन पडले, ६२-५९ झालं, आणि काळ्यावर जागतिक विजेतेपद येऊन थांबलं. दोघांनीही तो काळा चुकवला. मग टेलरने तो पाडला. त्या सबंध सामन्यात तो पुढे गेला तो त्या एकाच क्षणी. मध्यरात्र उलटून गेली होती, तरी ब्रिटनमध्ये १ कोटी ८५ लाख लोक टीव्हीसमोर बसून होते. ते ताणलेले हात आणि वाट बघणं बघत होते, मोठमोठे ब्रेक नव्हे. या फ्रेमची नोंद तुमच्या वहीत कशी झाली असती?

आता काकांविषयी. तुम्ही लिहिता, पॉट करण्यापेक्षा पांढरा लपवण्यात त्यांचा जास्त वेळ जातो. म्हणजे ते सेफ्टीचे खेळाडू आहेत, आणि ज्यांना असा जोडीदार मिळतो ते भाग्यवान असतात, कारण त्याच्यासमोर खेळूनच माणूस विचार करायला शिकतो. पण तुम्ही दोघांच्या ब्रेकची नोंद ठेवत होता. मग त्या वहीत काकांच्या नावापुढे काय दिसत असेल? ५, ८, १, ०, ६. सहा वर्षं ज्या कसबाने त्यांनी तुम्हाला जेरीस आणलं, त्याचा त्या पानावर मागमूस नाही. आणि ते पान उघडून तुम्ही त्यांना विचारलं, काय सुधारता आलं असतं.

हा माणूस बँकेत नोकरी करून निवृत्त झाला आहे. जन्मभर वार्षिक अहवाल, ठेवींची उद्दिष्टं, मोठ्या साहेबांच्या भेटी हे सगळं त्याने सोसलं असणार. शाल-श्रीफळ घेऊन तो त्यातून सुटला. शनिवारी संध्याकाळी दोन मजले चढून यायचा तो खेळायला, आणि खेळानंतरच्या चहाला. तो चहा तुम्ही काढून घेतलात. तुमच्या पत्रात चहाला एक ओळ आहे, पण माझ्या मते काकांना सर्वांत जास्त तोच लागला असेल.

आणखी एक गोष्ट, जी तुम्ही दर शनिवारी पाळता पण बहुधा तिच्याकडे लक्ष गेलं नाही. बाही चुकून बॉलला घासली, कोणी पाहिलं नाही, तरी आपण सरळ होतो आणि म्हणतो, "फाऊल." निदान चार गुण समोरच्याला. स्नूकरमध्ये स्वतःचा फाऊल स्वतः सांगायचा असतो. क्लबात असो की शेफिल्डला, रीत हीच. समोरच्याला "तुमचं काय चुकलं" असं विचारायची रीत या खेळात नाही. काका न बोलता गेले, ते मला तरी साधंच वाटतं. रीत मोडली होती आणि वाद घालायची त्यांची इच्छा नव्हती.

या खेळाला नाव कसं पडलं ते आठवतं का? १८७५ च्या सुमारास जबलपूरला, ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने हा खेळ रचला. वुलिचच्या लष्करी अकादमीत पहिल्या वर्षाच्या कच्च्या पोरांना 'स्नूकर' म्हणत. समोरच्याचा एक सोपा बॉल हुकला तेव्हा चेंबरलेन त्याला बोलून गेला, तू तर अगदी स्नूकर आहेस. मग त्या शब्दाचा अर्थ सांगताना, कोणाला लागू नये म्हणून त्याने पुढे जोडलं की या खेळात आपण सगळेच तसे. नाव टिकलं. दीडशे वर्षं झाली, आणि मला अजूनही वाटतं की ते नाव टिकलं त्याच्या दुसऱ्या वाक्यामुळे. तुमच्या रेट्रोत पहिलं वाक्य होतं, दुसरं राहिलं.

तुम्ही म्हणता ॲजाइलवर तुमचा मनापासून विश्वास आहे. माझाही आहे, म्हणून हे लिहायला बसले. २००१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत यूटामधल्या स्नोबर्ड इथे १७ जण जमले आणि त्यांनी तो छोटा जाहीरनामा लिहिला. चार मूल्यं, पाठोपाठ बारा तत्त्वं. पहिलंच मूल्य माणसांचं आणि त्यांच्या आपापसातल्या बोलण्याचं आहे. प्रक्रिया आणि साधनं त्याच्या नंतर. व्हेलॉसिटी हा शब्द त्यात कुठेच नाही. शेवटचं तत्त्व सांगतं की टीमने ठरावीक काळाने थांबून स्वतःकडे बघावं आणि वागणं बदलावं. टीमने, स्वतःकडे. तुमच्या टेबलावर टीम नव्हती. तुम्ही एकटे होता, आणि काकांना त्यात ओढलं होतं.

म्हणून मला तुमच्या पत्रातल्या ज्या ओळीची सर्वांत जास्त काळजी वाटली, ती काकांची नाही. "रेट्रोत हल्ली कोणी फारसं बोलत नाही" ही. काका उठून जाऊ शकत होते, ते गेले. तुमच्या टीममधली मुलं उठून जाऊ शकत नाहीत, म्हणून ती गप्प बसतात.

हे मी अनुभवावरून सांगते. एका कंपनीत मी टेस्टिंगच्या टीमची प्रमुख होते. व्हेलॉसिटीचा तक्ता भिंतीवर मीच लावला होता. वरचे साहेब जाता येता बघायचे आणि खूश व्हायचे. तिसऱ्या प्लॅनिंगला, म्हणजे कुठलं काम किती पॉइंटचं हे कार्डं टाकून ठरवायच्या बैठकीला, एक साधा फॉर्म आला, तसाच फॉर्म आम्ही आधी ३ पॉइंटचा धरला होता. कोणीतरी ५ चं कार्ड टाकलं, बाकीच्यांनीही ५ टाकलं. कोणी खोटं बोललं नाही. सगळ्यांना एकदम तो फॉर्म जरा मोठा वाटायला लागला, इतकंच. आमचा आलेख झकास चढत गेला. तीन महिन्यांनी ग्राहकाकडे गेलेल्या आवृत्तीत एक दोष निघाला, व्याजाची रक्कम पूर्ण आकड्यात धरण्यात. आमच्यातल्या सर्वांत नव्या मुलीला तो दोन आठवडे आधी दिसला होता. मी तिला विचारलं, मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, "मॅडम, ती स्टोरी पुढच्या स्प्रिंटला गेली असती." म्हणजे ते काम लांबलं असतं आणि आकडा उतरला असता. तिचा आवाज अजून कानात आहे. तक्ता मी लावला होता, भीती मी लावली होती. त्या संध्याकाळी तो मी काढला.

३४ चे ५२ कसे झाले, हे तुम्ही स्वतः बसून तपासा. जानेवारीतली पाच कामं घ्या आणि आत्ताची तशीच पाच. त्यांवर आकडे काय पडलेत ते शेजारी ठेवा. तेवढंच काम, तेवढेच लोक, आणि आकडा दीडपट, असं निघालं तर टीमला विचारायला जाऊ नका. उत्तर मिळालेलं आहे.

साहेबांना आकडा लागतो, हे मला माहीत आहे. त्यांना द्या, पण अंदाज म्हणून द्या. पुढच्या दोन महिन्यांत अमुक ते अमुक इतकं होईल, अशा दोन टोकांमध्ये. हा काही माझा हट्ट नाही. स्क्रमच्या अधिकृत मार्गदर्शिकेत स्प्रिंटच्या कामासाठी पूर्वी बांधिलकीचा शब्द होता. २०११ च्या आवृत्तीत तो काढून अंदाज हा शब्द घातला. ज्यांनी पद्धत घडवली त्यांनाच तो बदल करावा लागला, यावरून त्या एका शब्दापायी टीम किती पिळल्या गेल्या असतील याची कल्पना करा.

पुढच्या रेट्रोला तक्ता उघडू नका. सगळे बसले की पहिले तुम्ही बोला, आणि स्वतःचा एक फाऊल सांगा. खरा असावा, गेल्या पंधरा दिवसांतला असावा, आणि त्याची किंमत दुसऱ्या कोणाला मोजावी लागलेली असावी. "गेल्या मंगळवारी तारीख मी तुम्हाला न विचारता देऊन आलो आणि तुम्ही दोघं रात्री अकरापर्यंत बसलात", अशासारखा. सांगून झालं की थांबा. शांतता पसरेल. ती लांबेल, तुम्हाला बोलावंसं वाटेल. बोलू नका. पहिल्या वेळी कदाचित कोणीच बोलणार नाही. तरी दुसऱ्या वेळी पुन्हा तेच करा. हे एका बैठकीत सुटणारं नाही. माझ्या टीमला मोकळं बोलायला चार महिने लागले.

बायकोचं म्हणणं तुम्ही एका ओळीत उडवलंत. त्यांनी जे पाहिलं ते बरोबर होतं, आणि हे त्यांना सांगायला हरकत नाही.

वही फाडा असं मी म्हणत नाही. एकट्याच्या सरावाला ती ठेवा, पांढऱ्याच्या खुणा करायला. शनिवारी ती घरी राहू द्या. आणि शनिवारपर्यंत थांबूही नका, आज-उद्या काकांकडे जा. फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर हे होणार नाही. जाताना काही समजावून सांगायची तयारी करू नका. रेट्रोचा हेतू काय होता, ॲजाइल म्हणजे काय, यातलं अवाक्षरही काढू नका. "काका, माझा फाऊल होता", एवढं म्हणा. सहा वर्षं टेबलावर काढलेल्या माणसाला पुढचं कळतं. ते "अरे काही नाही रे" म्हणतील. म्हणू द्या, आणि चहा प्या.

मग गुडघ्याबद्दल विचारा, आणि खरोखर विचारा. तुम्ही तो बहाणा धरून चाललात. मीही आत्तापर्यंत तसंच धरून लिहिलं. पण माणूस ६७ वर्षांचा आहे, क्लब दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. त्यात स्नूकरला पुढचा गुडघा वाकवून दर शॉटला खाली जावं लागतं. एका संध्याकाळीत हे किती वेळा होतं ते तुम्हाला माहीत आहे. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात. तसं असेल तर डॉक्टरांना दाखवलंय का विचारा, नसेल तर सोबत जा. आणि तळमजल्यावरचं टेबल शोधा. तुमच्या भागात नसेल तर थोडं लांब, जुन्या जिमखान्यांकडे चौकशी करा. तासाचे पैसे जास्त पडले तर दोघांत वाटून घ्या, आणि काकांना घ्यायला-सोडायला तुम्ही जा.